ड्राय ट्रान्सफर नीट समजून घेऊया: मॉडेलवरची बारीक अक्षरं चिकटतात कशी, मिळतात कुठे

मॉडेल करणाऱ्या बहुतेकांना मार्किंग म्हटलं की पाण्यात बुडवून सरकवायचं डेकल तेवढंच आठवतं, आणि त्यात चूक काही नाही कारण किटच्या डब्यात तेच येतं. पण मॅट रंगावर डेकल लावलं आणि अक्षरांभोवती ती पांढुरकी, चमकणारी किनार दिसायला लागली की सगळ्या रंगकामावर पाणी पडतं. ती किनार म्हणजे डेकलची पारदर्शक फिल्म, मॅट रंगाच्या खडबडीत पृष्ठभागावर तिच्याखाली बारीक हवा अडकते आणि प्रकाश पडला की ती चांदीसारखी चमकते. म्हणून आधी ग्लॉस मारा, मग डेकल, मग डेकल मऊ करणारं सॉफ्टनर, मग परत मॅट, असा सगळा लांबचा रस्ता करावा लागतो. ड्राय ट्रान्सफरमध्ये, म्हणजे शीटवरून घासून कोरडीच उतरवायच्या अक्षरांमध्ये, ही भानगडच नाही कारण अक्षराभोवती फिल्म नसतेच, मॉडेलवर उतरतं ते फक्त शाईचं अक्षर आणि त्याच्या पाठीवरचा चिकट थर, बाकी काही नाही. रेल्वेच्या डब्यावरचे नंबर, विमानावरच्या बारीक सूचना, बसच्या अंगावरची अक्षरं, ही कामं ड्राय ट्रान्सफरने जितकी रंगवल्यासारखी दिसतात तितकी दुसऱ्या कशाने दिसत नाहीत असं माझं ठाम मत आहे.

मुंबईत ही गोष्ट नवी अजिबात नाही. लेट्रासेट नाव घेतलं की जेजे कला महाविद्यालयात कमर्शियल आर्ट शिकलेल्या जुन्या मंडळींचे डोळे चमकतात. ही इंग्लंडची कंपनी १९५९ साली सुरू झाली, सुरुवातीला त्यांची अक्षरं ओली करून लावायची होती, १९६१ मध्ये त्यांनी घासून उतरणारी कोरडी अक्षरं आणली आणि पुढे कॉम्प्युटरवर पान जुळवणं, म्हणजे डीटीपी, येईपर्यंत ॲड एजन्सीतल्या जाहिरातींची हेडलाइन, पॅकेजिंगचे डमी, ड्रॉइंग ऑफिसमधली टायटलं सगळं त्यावर चालायचं. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनाही ही पद्धत ओळखीची, हाताने सर्किट बोर्ड (पीसीबी) करायचे तेव्हा पॅड आणि ट्रॅक घासून तांब्यावर उतरवायचे आणि ॲसिडमध्ये टाकायचे. कॉम्प्युटर आल्यावर हा धंदा जवळपास बसला, पण मॉडेलवाल्यांनी ते तंत्र सोडलं नाही.

आता ते काम कसं करतं ते नीट समजून घ्या, कारण हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचे सगळे नियम आपोआप सुचतात. वरती एक अर्धपारदर्शक शीट असते, तिला कॅरियर म्हणतात. तिच्या खालच्या बाजूला अक्षर उलटं छापलेलं असतं, बहुतेक वेळा स्क्रीन प्रिंटिंगने, म्हणून शाईचा थर दाट असतो आणि पांढरं अक्षर काळ्या रंगावरसुद्धा पांढरंच दिसतं. शाईवर दाबाने चिकटणाऱ्या गोंदाचा अगदी पातळ थर, आणि सगळ्यात खाली सिलिकॉन लावलेला गुळगुळीत कागद, जो वापरायच्या आधी काढायचा असतो. म्हणजे शाई दोन बाजूंनी धरलेली आहे, वरून कॅरियरने आणि खालून तुमच्या मॉडेलने, आणि ही चक्क रस्सीखेच आहे. आपण वरून घासतो तेव्हा कॅरियर त्या जागी किंचित ताणली जाते, शाई तेवढी ताणली जात नाही, म्हणून त्या दोघांची पकड सुटते, आणि त्याच वेळी दाबामुळे गोंद मॉडेलला घट्ट बसतो. वरची पकड ढिली, खालची पकड मजबूत, की अक्षर उतरलं.

इथून पुढे सगळं सोपं आहे. पृष्ठभाग धुळकट किंवा तेलकट असेल तर खालची पकड कमी, अक्षर उतरणार नाही, म्हणून मॉडेल आधी साबणाच्या पाण्याने पुसा, पूर्ण वाळू द्या आणि नंतर तिथे बोट लावू नका. आपल्याकडे तर हाताला सतत घाम, त्यामुळे पातळ कॉटनचे हातमोजे घातले तर उत्तम. रंग अगदी सँडपेपरसारखा खरखरीत बसला असेल तर गोंदाला टेकायला जागाच मिळत नाही, तो आधी हलकेच घासून घ्यावा लागतो. साधा मॅट किंवा सेमी-ग्लॉस रंग असेल तर मस्त. खूप गुळगुळीत ग्लॉसवरही चिकटतं, पण तिथे अक्षर घासता घासता सरकायची भीती असते. रंग मात्र पूर्ण पिकलेला हवा, इनॅमल असेल तर काही दिवस थांबाच, कच्च्या रंगावर घासलं तर घासणीचे वळ कायमचे राहतात.

घासायला काय लागतं? खास बर्निशर मिळतो पण त्याची गरज नाही. क्रॉफर्ड मार्केटमध्ये नेल आर्टचं सामान विकणाऱ्यांकडे गोल टोकाचे डॉटिंग टूल मिळतात, बारीक अक्षरांना ते अगदी हातचे. शाई संपलेला बॉलपेन चालतो. मोठ्या चिन्हांना ब्रशच्या दांड्याचं गोल टोक बरं. टोक गोल आणि गुळगुळीत असलं पाहिजे एवढंच, कारण टोकदार वस्तूने कॅरियर फाटते आणि तिच्यासोबत अक्षरही.

समजा लोकलच्या डब्यावर नंबर लावायचाय. हवा तो नंबर शीटमधून कापून घ्या, भोवती दोन-तीन मिलिमीटर जागा ठेवून, आणि शेजारच्या अक्षराला कात्री लागणार नाही हे बघून. डब्यावर नंबर जिथे बसायचा त्याच्या खालच्या रेषेवर मास्किंग टेपची एक बारीक पट्टी लावा, ती आपली ओळ, नाहीतर नंबर वर-खाली होतात आणि दोन हातांवरूनही ते दिसतं. आता तुकडा ठेवा आणि एकाच बाजूने टेपने धरा, बिजागरीसारखा, म्हणजे उचलून बघता येईल आणि परत त्याच जागी पडेल. टेप जास्त चिकट नको, आधी तळव्यावर एक-दोनदा चिकटवून तिची धार कमी करा, नाहीतर काढताना खालचा रंग घेऊन येईल. मग एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे, एकाच दिशेने, बेताच्या दाबाने घासत जा. इथे डोळ्यात तेल घालून बघायचं असतं, कारण अक्षर सुटतं तेव्हा कॅरियरमधून दिसणारा त्याचा रंग बदलतो, काळं अक्षर करडं दिसायला लागतं, पांढरं किंचित फिकं पडतं, आणि हा बदल एका कडेपासून हळूहळू पसरत जातो. पूर्ण अक्षर करडं झालं की त्या जागी खालची पकड जिंकली. एखादा कोपरा अजून काळाच दिसतोय तर तिथेच परत घासा. मग कॅरियर सरळ वर ओढू नका, एका कोपऱ्यातून अगदी आडवी, मागे दुमडत सोलत न्या, आणि नजर शाईवर ठेवा, काही राहिलं असेल तर शीट तशीच परत खाली टाका, बिजागरी आहेच, आणि तेवढंच घासा. सगळं उतरल्यावर तो सिलिकॉनवाला कागद अक्षरावर ठेवून वरून एकदा बोटाने, एकदा टूलने दाबा. हे शेवटचं दाबणं लोक टाळतात आणि मग महिन्याभराने कडा सुटल्या म्हणून कुरकुर करतात.

ट्रान्सफर लावताना डेकलसारखं सरकवता येत नाही, टेकलं तिथे बसलं, म्हणून मापात घाई नडते. वाकडं बसलंच तर वाईट वाटून घेऊ नका, वॉर्निश मारलेलं नसेल तोपर्यंत सेलोटेपचा तुकडा हलकेच दाबून उचलला की अक्षर टेपसोबत निघून येतं, दोन-चार वेळा करावं लागेल. थोडी शाई राहिली तर कॉटन बडला किंचित टर्पेंटाईन लावून पुसता येते, पण हे पूर्ण वाळलेल्या ॲक्रिलिक रंगावरच, इनॅमल असेल तर टर्पेंटाईन रंगही उचलेल. निघालेलं अक्षर मात्र गेलं, ते परत वापरता येत नाही, म्हणून शीटमध्ये एखादा नंबर जास्तीचा असेल असंच बघून घ्या.

आता शोधायचं कुठे. पहिली अडचण नावाची आहे, एकाच वस्तूला जगभर वेगवेगळी नावं आहेत आणि सर्चमध्ये एकच नाव टाकलं की निम्मा माल दिसतच नाही. ड्राय ट्रान्सफर, रब-ऑन, रब-डाऊन, इन्स्टंट लेटरिंग, ड्राय डेकल, सगळी नावं टाकून बघा. जपानी एन गेज, म्हणजे छोट्या मापाच्या रेल्वेवाले, इन्स्टंट लेटरिंगला तोडून इनरेता म्हणतात, टोमिक्ससारख्या कंपन्यांच्या गाड्यांसोबत नंबरांच्या तशा शीट येतात. वुडलँड सीनिक्स या अमेरिकन कंपनीची रेल्वेसाठीची अक्षरं-आकडे वेगवेगळ्या साइजमध्ये येतात, इंग्रजी मार्किंगसाठी सुरुवात करायला चांगली. गनप्लावाल्या, म्हणजे गंडम रोबोटची किट करणाऱ्या पोरांकडे तर ही वस्तू घरातच पडलेली असते, बांडाईच्या बऱ्याच मास्टर ग्रेड किटमध्ये ड्राय ट्रान्सफरची शीट असते आणि बहुतेक जण घाबरून ती बाजूला ठेवतात, त्या शीट माझ्या मते शिकायला सगळ्यात छान, टाकाऊ प्लॅस्टिकवर हात बसेपर्यंत घासा. तामियाच्या मोटारींच्या किटमध्ये आरसे आणि बॅजसाठी मेटल ट्रान्सफर येतात, ते थोडे वेगळे, चकाकता धातूचा पातळ तुकडा चिकटतो, पण घासून बसवायचं तत्त्व तेच.

ब्रिटिश रेल्वे मॉडेलवाल्यांचे आणखी दोन प्रकार दिसतील, प्रेसफिक्स आणि मेथफिक्स, एचएमआरएस या त्यांच्या संस्थेकडे मिळतात. प्रेसफिक्स दाबून चिकटवायचं आणि मग वरचा कागद ओला करून काढायचा, मेथफिक्सला मेथिलेटेड स्पिरिट आणि पाण्याचं मिश्रण लागतं, ते लावल्यावर थोडं सरकवता येतं हा त्याचा मोठा फायदा. हे पूर्ण कोरडे नव्हेत पण फिल्म यांच्यातही राहत नाही.

मुंबईत दुकानात जाऊन मागायचं तर अब्दुल रेहमान स्ट्रीटवर किंवा फोर्टातल्या जुन्या स्टेशनरीवाल्यांकडे विचारून बघायला हरकत नाही, कधी कधी वर्षानुवर्षं पडलेल्या लेट्रासेटच्या शीट मिळून जातात, चोर बाजारातही रद्दीत हाताला लागू शकतात. पण जुनी शीट घेताना सावध राहा. शीट उजेडात तिरकी धरा, शाईवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा दिसल्या तर सोडून द्या. दुकानदार हरकत घेत नसेल तर कडेचं एखादं बिनकामाचं चिन्ह प्लॅस्टिकच्या तुकड्यावर घासून बघा. कॅरियरवरून शाई सुटते पण खाली चिकटत नाही, म्हणजे गोंद मेला, ती शीट घेऊन उपयोग नाही. खाली चिकटते पण वरून तुकड्या-तुकड्याने सुटते, म्हणजे शाई कडक झाली आहे, तिला थोडी ऊब दिली, टेबल लॅम्पखाली किंवा हेअर ड्रायरच्या मंद हवेने, तर बऱ्याचदा जीव धरते. परदेशातून मागवणार असाल तर विक्रेत्याला स्पष्ट लिहा की दोन कडक पुठ्ठ्यांमध्ये सपाट पाठव, गुंडाळून नको, कारण एकदा घडी पडली की घडीवरची सगळी अक्षरं भेगाळतात.

साइजचं गणित एकदा समजून घ्या. खऱ्या डब्यावरचा आकडा २०० मिलिमीटर उंच असेल तर एचओ स्केलमध्ये, म्हणजे १/८७ मध्ये, तो साधारण २.३ मिलिमीटर होतो. शीटवर साइज पॉइंटमध्ये लिहिलेली असते आणि एक पॉइंट म्हणजे सुमारे ०.३५ मिलिमीटर, पण पॉइंट साइज ही अक्षराची उंची नसते, कॅपिटल अक्षर त्याच्या साधारण सत्तर टक्के भरतं. म्हणजे २.३ ला ०.७ ने भागा, ३.३ आले, त्याला ०.३५ ने भागा, साडेनऊच्या आसपास, म्हणजे तुम्हाला नऊ किंवा दहा पॉइंटची शीट हवी. फॉण्टप्रमाणे थोडाफार फरक पडतो म्हणून शक्य असेल तर पट्टी लावून मोजाच.

आणि आता आपला खास प्रश्न, देवनागरी. मॉडेलच्या साइजची तयार देवनागरी शीट मिळेल या आशेवर बसू नका. आणि अक्षरं सुटी मिळाली असती तरी ती एकेक करून लावणं म्हणजे महाकठीण काम आहे, कारण इंग्रजी अक्षरं सुटी उभी राहतात, आपली शिरोरेषेला टांगलेली असतात. दोन अक्षरांमध्ये शिरोरेषा केसभर वर-खाली झाली की सांधा लगेच डोळ्यात खुपतो. बेस्टच्या बसवर 'मर्यादित' लिहायचंय असं धरा, त्यात डोक्यावर रफार आहे, आत जोडाक्षर आहे, द-च्या आधी वेलांटी आहे, आणि दोन मिलिमीटर उंचीला तो रफार इतका नाजूक होतो की तो कॅरियरवरच राहून जातो. म्हणून नियम एकच, देवनागरीत शब्द अख्खा छापून घ्यायचा, अक्षर अक्षर नाही, आणि डिझाईन करताना शिरोरेषा आणि रफार मूळ फॉण्टपेक्षा थोडे जाड ठेवायचे.

छापून कसं घ्यायचं तर हल्ली प्रिंटिंगवाल्यांकडे यूव्ही डीटीएफ करून मिळतं, कॉफीच्या मगांवर, बाटल्यांवर चिकटवायचे ते क्रिस्टल स्टिकर, ते तत्त्वाने घासून उतरणारं ट्रान्सफरच आहे आणि त्यात पांढरी शाई असते हा मोठा फायदा, कारण घरच्या इंकजेटला पांढरं छापताच येत नाही. त्याची अडचण जाडीची, वरून वॉर्निशचा थर असल्यामुळे कड बोटाला लागते, त्यामुळे मोठ्या स्केलला आणि मोठ्या अक्षरांना ते ठीक, एचओच्या डब्यावर मला ते पटत नाही. रेडियमवाल्याचं कटिंगही अक्षर चांगलं पाच-सहा मिलिमीटर असेल तरच, पण त्याच्याकडून अक्षरांचं मास्क कापून घेऊन आतून रंग मारला तर मोठ्या मॉडेलवर फार सुंदर दिसतं.

काही ठिकाणी तर ट्रान्सफरचा हट्टच धरू नये. १९३७ पासून मुंबईत डबल डेकर धावल्या, त्यातली बेस्टची शेवटची डिझेल गाडी १५ सप्टेंबर २०२३ ला बंद झाली, तेव्हापासून तिचं मॉडेल करावं असं खूप जणांच्या मनात आहे. तिच्या पुढच्या पाटीवरचे मराठी आकडे काळ्यावर पांढरे हवे असतील तर पाटी मुळात सपाटच असते, पांढऱ्या फोटो पेपरवर काळी पार्श्वभूमी छापा, अक्षरं कागदाची पांढरी सुटतील, कापा, कडा काळ्या करा आणि चिकटवा. नंबर प्लेटचंही तेच, १/७६ मध्ये ती अक्षरं एक मिलिमीटरच्या आसपास, तिथे एकेक आकडा घासत बसण्यात अर्थ नाही. बसच्या लाल अंगावर थेट जे लिहिलेलं असतं, तिथे ट्रान्सफरचं खरं काम.

वळणदार जागेवर, म्हणजे विमानाच्या नाकाशी किंवा बसच्या गोल कोपऱ्यावर, कॅरियर सपाट बसत नाही आणि अक्षर अर्ध्यात फाटतं. त्यावर जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे आधी कोऱ्या क्लिअर डेकल पेपरवर अक्षरं घासून उतरवायची, वरून ग्लॉस लॅकरचा पातळ हात, वाळलं की कापून नेहमीच्या डेकलसारखं पाण्यातून लावायचं. यात फिल्म परत आलीच, म्हणून ग्लॉस पृष्ठभाग आणि सॉफ्टनरही परत आले, पण लांबलचक ओळ आधी टेबलावर शांतपणे जुळवून घेता येते. पॅनेल लाइनवरून, म्हणजे पत्र्यांच्या जोडाच्या रेघेवरून, अक्षर जात असेल तर उतरवल्यावर नव्या ब्लेडने त्या रेघेत हलकी चीर द्या आणि दोन्ही कडा टूलने आत दाबा.

शेवटी वॉर्निश लागतंच, कारण अक्षर वरच्यावर आहे, हात लागून लागून घासलं जाईल. काही लॅकर ट्रान्सफरची शाई विरघळवतात किंवा सुरकुतवतात, म्हणून त्याच शीटमधलं एक अक्षर टाकाऊ तुकड्यावर लावून त्यावर तोच स्प्रे आधी मारून बघा, आणि मॉडेलवरसुद्धा पहिला हात अगदी धुक्यासारखा, ओला करू नका. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हे काम जपून करायचं. हवा एवढी दमट असते की लॅकरचा सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर ओल धरते आणि सगळं पांढरट दिसायला लागतं. पाऊस उघडेपर्यंत थांबा, किंवा मग पाण्यावरचं ॲक्रिलिक वॉर्निश एसीच्या खोलीत ब्रशने किंवा एअरब्रशने मारा.

उरलेल्या शीट पावसाळ्यात कागदासकट वाकतात आणि मे महिन्यात गोंद इतका मऊ होतो की नुसता दाब पडला तरी अक्षरं नको तिथे चिकटतात. म्हणून प्रत्येक शीटखाली तिचा सिलिकॉनवाला कागद परत लावा, तो हरवला तर बेकिंगचा बटर पेपर चालतो, झिप पाउचमध्ये सिलिका जेलची पुडी टाका आणि कडक फाइलमध्ये सपाट ठेवा, वर पुस्तकांचा ढीग नको. वरच्या मजल्यावर राहत असाल तर माळ्यावर तर मुळीच नको, स्लॅब तापला की तिथे भट्टी होते. पाउचवर विकत घेतल्याचं वर्ष लिहा आणि जुनी शीट आधी वापरा.